हृदयाचा फोटो काढण्याआधी

मधुमेह आमच्या घरात वडिलांकडून आला. दादाला चाळिशीत लागला, मला पंचेचाळिशीत. पुढे दोघांच्याही हृदयाच्या तपासण्या झाल्या आणि दोघांनाही त्यांनी चकवलं, पण एकाला एका बाजूनं, दुसऱ्याला दुसऱ्या. दादाचे सगळे रिपोर्ट चांगले असताना त्याला झटका आला. माझा रिपोर्ट मात्र असा होता की दुसऱ्याच दिवशी ॲडमिट व्हा म्हणाले. मी आजवर झालेले नाही. मिरजेला ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचे. एखादं उपकरण काय मोजतं आणि काय मोजत नाही, हे पोरांच्या गळी उतरवण्यातच सगळी नोकरी गेली. म्हणून हे लिहायला बसले.

दादाचं कराडला खत-बियाण्यांचं दुकान आहे. पहाटे आगाशिवचा डोंगर चढून यायचं हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. साखर जेमतेम आटोक्यात, बीपीची गोळी चालू, बिडी-सिगारेट कधी नाही. दरवर्षी तो चेकअप करून घ्यायचा. ईसीजी, टूडी इको आणि टीएमटी. रिपोर्टचे फोटो मला पाठवायचा आणि खाली अंगठ्याचं चित्र.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर त्याचं डोंगर चढणं अर्ध्यावर आलं. लेण्यांच्या अलीकडेच तो बसकण मारायचा. छातीत दुखत नव्हतं, कळ नव्हती, हात भरून येत नव्हता. नुसता दम लागायचा. "वय झालं गं आता," एवढंच म्हणायचा. जेवल्यावर ढवळायचं, ते पित्तावर ढकललं. घरात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण टीएमटी नुकतीच झालेली होती आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात 'निगेटिव्ह' असं छापलेलं होतं.

मग एका रात्री दोनच्या सुमाराला त्याला दरदरून घाम फुटला. अंग गार, मळमळ, भयंकर अस्वस्थ. मधुमेह्याला घाम फुटला की घरचे धावतात ते साखरेच्या डब्याकडे. वहिनीही उठल्या, पण आधी त्यांनी ग्लुकोमीटर लावला. साखर २३८. "वन्सं, साखर तर उतरलेली नाही आणि घाम काही थांबत नाही," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा १०८ची गाडी दारात आलेली होती. वहिनींचं शिक्षण सातवीपर्यंत. पण त्या रात्रीचं सगळ्यात अचूक निदान त्यांचंच. प्रत्येक मधुमेह्याच्या घरात हे एक वाक्य ठाऊक हवं: घाम आहे, अस्वस्थता आहे आणि साखर कमी नाही, तर हृदय समजून निघायचं. छातीत दुखायची वाट बघत बसायचं नाही.

हॉस्पिटलात कळलं की हा झटका तर होताच, पण इकोमध्ये हृदयाची खालची भिंत एका जागी धड हलत नव्हती आणि तिथला व्रण जुना होता. म्हणजे त्याआधी कधीतरी एक झटका येऊन गेला होता आणि दादाला त्याचा पत्ताही लागला नव्हता. अँजिओग्राफीत तिन्ही नळ्या अरुंद निघाल्या.

दुखलं कसं नाही, याचं उत्तर मधुमेहातच आहे. वर्षानुवर्षं वाढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते हे आपल्याला माहीत असतं, कारण चप्पल निसटते आणि समजत नाही. त्याच प्रकारे हृदयाकडून येणाऱ्या नसाही बोथट होतात. त्यामुळे रक्त कमी पडलं तरी हृदयाची ओरड मेंदूपर्यंत पोचत नाही. मग धाप, विनाकारण थकवा, ढवळणं, जबड्यात किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये अवघडल्यासारखं होणं, अशा आडवाटांनी ती बाहेर पडते. बसल्या जागी नाडी नव्वद-शंभरच्या घरात, उभं राहिलं की भोवळ, या गोष्टीही या नसा बिघडल्याच्या खुणा असू शकतात. डॉक्टरांना त्या आपणहून सांगाव्यात. ओपीडीच्या गर्दीत ते विचारतीलच असं नाही.

राहिला तो 'निगेटिव्ह' रिपोर्ट. दादा आयसीयूमध्ये असताना मी त्याची जुनी फाइल मागवून घेतली आणि नुसता निष्कर्ष न वाचता आकडे वाचले. टीएमटीत पट्ट्यावर चालवत नाडी वाढवत नेतात. २२० मधून वय वजा करायचं आणि येईल त्याच्या निदान ८५ टक्क्यांपर्यंत नाडी जायला हवी. तेवढा ताण पडल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं म्हणता येत नाही. दादा तेव्हा बासष्टचा होता. म्हणजे १५८ चे ८५ टक्के, साधारण १३४. त्याची नाडी ११२ वर थांबली होती. गुडघे दुखले म्हणून त्यानं पट्टा थांबवायला सांगितला होता, शिवाय बीपीची गोळी नाडी संथ ठेवणारी. हे सगळं रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि तरी वर 'निगेटिव्ह' छापून दिलं होतं. अशा रिपोर्टला 'निष्कर्ष काढता येत नाही' असंच म्हणायला हवं. बारावीच्या पोरानं प्रॅक्टिकलमध्ये असं केलं असतं तर मी जर्नलवर लाल रेघ मारली असती.

इकोचं वेगळं. इको हृदयाचा पंप दाखवतो: भिंती किती जाड, झडपा कशा, एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या आत किती चरबी साठली आहे, हे त्यात दिसत नाही. सत्तर टक्के अरुंद झालेल्या नळीमागचा स्नायूही विश्रांतीत छान आकुंचन पावतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. ईसीजी तर त्या काही सेकंदांपुरताच. 'इको नॉर्मल, म्हणजे ब्लॉकेज नाही' हे वाक्य मी आजही लग्नकार्यात ऐकते आणि दर वेळी जेवण अर्धं टाकून वाद घालते.

दादाची बायपास झाली. तिथे शंकेला जागा नव्हती. मधुमेह आणि एकाहून जास्त नळ्या बाधित, अशा १९०० रुग्णांवर झालेला 'फ्रीडम' अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात स्टेंटवाल्यांमध्ये २६.६ टक्के, बायपासवाल्यांमध्ये १८.७ टक्के. मधुमेह्याच्या नळ्या एका जागी नाही, लांबवर खराब होतात. स्टेंट एक जागा उघडतो, बायपास सगळा खराब पट्टा ओलांडून जातो. दादा आता डोंगर चढत नाही, पण दुकानात बसतो आणि गिऱ्हाइकांशी पूर्वीइतकाच भांडतो.

या सगळ्यानं मी हादरले, हे सांगायला नको. मलाही मधुमेह, मलाही तेच वडील. छातीत दुखत नाही याला आता काडीचा अर्थ उरला नव्हता. तेवढ्यात एका मोठ्या शहरातल्या तपासणी केंद्राची जाहिरात दिसली, मधुमेह्यांसाठी हृदयाचं खास पॅकेज. त्यात कॅल्शियम स्कोअर होता.

ही तपासणी मुळात साधी आणि चांगली आहे. छातीला ईसीजीच्या तारा लावतात, सीटीच्या यंत्रात झोपवतात, श्वास रोखायला सांगतात आणि काही मिनिटांत मोकळं करतात. सुई नाही, औषध नाही. किरणोत्सर्ग साधारण एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतो त्याहून कमीच. सीटीमध्ये पाण्याला शून्य आणि हवेला उणे हजार धरून प्रत्येक ठिपक्याला आकडा देतात; सीटीच्या शोधाबद्दल १९७९ मध्ये नोबेल मिळालेल्या हाउन्सफील्डचं नाव त्या एककाला आहे. हृदयाच्या नळीच्या भिंतीत १३० च्या वरचा ठिपका दिसला की तो कॅल्शियम धरायचा आणि त्याचं क्षेत्रफळ व तीव्रता मिळून गुण द्यायचे, ही रीत मायामीच्या आर्थर ॲगॅट्स्टन यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये मांडली. (पुढे 'साउथ बीच डाएट' लिहून गाजले ते हेच.) शून्य उत्तम, शंभरच्या वर दखल घेण्याजोगा, चारशेच्या वर गंभीर. नळीच्या भिंतीतली चरबी जुनी होते तशी तिथे चुन्याची खपली धरते. स्कोअर म्हणजे त्या जुन्या आजाराची मोजदाद. नळी किती बंद आहे ते त्यावरून ठरत नाही.

माझा स्कोअर २१४ आला. इथून पुढे सगळं फार वेगानं घडलं. त्याच दिवशी सीटी अँजिओ करून टाकू म्हणाले. शिरेतून आयोडीनचं औषध गेलं, अंगभर गरम लाट गेली आणि कपडे ओले झाले की काय असं वाटलं (होत नाहीत, पण आधी कुणी सांगत नाही). संध्याकाळी रिपोर्ट आला. समोरच्या मोठ्या नळीत मध्यभागी ६० ते ७० टक्के अडथळा. समोर बसलेल्या डॉक्टरांनी कागदावर नळीचं चित्र काढलं, एका जागी पेन खुपसलं आणि म्हणाले, "मॅडम, हा टाइमबॉम्ब आहे. उद्या या, स्टेंट टाकून परवा घरी." मुलगा सोबत होता, त्याचा चेहरा पांढराफटक. खर्चाचं बोलायला लगेच दुसरी व्यक्ती आली. २०१७ मध्ये सरकारनं औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांच्या आसपास बांधून दिली, तेव्हा घराघरात समाधान होतं. पण बंधन स्टेंटवर आलं, भोवतीच्या पॅकेजवर नाही.

मी सीडी मागून घेतली आणि मिरजेला परतून आमच्या फिजिशियनकडे गेले. ते मितभाषी आहेत. रिपोर्ट वाचण्याआधी त्यांनी विचारलं, "तीन जिने चढता का? मध्ये थांबावं लागतं?" नाही. "जेवल्यावर चालताना काही?" नाही. मग सीडी लावून त्यांनी सगळ्यात आधी डाव्या बाजूच्या मुख्य नळीचा उगम पाहिला. ती साफ होती. तिथे ५० टक्क्यांच्या वर अडथळा निघाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग म्हणाले, "तुम्हाला आजार आहे. तो औषधाचा आहे, तारेचा आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही."

पुढचं त्यांनी थोडक्यात समजावलं आणि मी नंतर वाचून काढलं. पहिली गोष्ट भौतिकशास्त्राची, मला स्वतःलाच सुचायला हवी होती. रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा फोटो काढला की दिवा आहे त्याहून कितीतरी मोठा फुलून येतो. सीटीमध्ये कॅल्शियमचं तसंच होतं. खपली पसरट दिसते आणि अडथळा असतो त्याहून जास्त भरतो. म्हणून स्कोअर जितका जास्त, तितके सीटी अँजिओतले टक्के सावधपणे घ्यायचे.

दुसरी गोष्ट अभ्यासांची. काहीही त्रास नसलेल्या मधुमेह्यांचा फोटो काढून अडथळे शोधले तर जीव वाचतात का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी रीतसर विचारून झाला आहे. 'डायड' या अभ्यासात टाइप टूच्या ११२३ जणांचे दोन गट पाडले. एकाची किरणोत्सारी औषध देऊन हृदयाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी केली, दुसऱ्याची नाही. तपासलेल्यांपैकी पाचातल्या एकामध्ये काही ना काही दोष दिसला. पण २००९ मध्ये निकाल आला तेव्हा जवळपास पाच वर्षांत हृदयाचे गंभीर प्रसंग दोन्हीकडे शंभरात तीनच्या आसपास, फरक असा नाहीच. अमेरिकेतल्या यूटामध्ये ९०० मधुमेह्यांवर 'फॅक्टर ६४' झाला, यात थेट सीटी अँजिओ होती. २०१४ चा निकाल तसाच: चार वर्षांनी ठरवण्याजोगा फरक नाही. आणि ज्यांना अडथळे आहेतच, पण प्रकृती स्थिर आहे, अशा २३६८ मधुमेह्यांच्या 'बारी टूडी' अभ्यासात लगेच स्टेंट-बायपास केलेले आणि आधी फक्त औषधांवर ठेवलेले, दोन्हींत पाच वर्षांनी शंभरातले अठ्ठ्याऐंशी हयात होते.

याचं कारण कळलं की राग थोडा निवळतो. झटका बहुतेकदा पेन खुपसलेल्या त्या जागीच येतो असं नाही. नळीत इतरत्र मऊ, चरबीनं भरलेली, फारशी न अडवणारी गाठ फुटते आणि तिच्यावर रक्ताची गुठळी जमते. स्टेंट एका जागेचा बंदोबस्त करतो. एलडीएल कोलेस्टेरॉल खाली आणणाऱ्या गोळ्या सगळ्या नळीभर काम करतात. २००४ च्या 'कार्ड्स' अभ्यासात हृदयविकार नसलेल्या २८३८ मधुमेह्यांमध्ये ॲटोरव्हास्टॅटिनच्या रोजच्या १० मिलिग्रॅमच्या गोळीनं हृदय-मेंदूचे मोठे प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी केले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधीच थांबवला. त्या गोळीला जाहिरात लागत नाही, म्हणून तिच्याबद्दल लग्नात कुणी बोलत नाही.

माझी नंतर स्ट्रेस थॅलियम झाली. ही तपासणी नळीचा आकार दाखवत नाही, ताण पडल्यावर स्नायूला रक्त पुरतं का ते दाखवते. पुरत होतं. स्टेंटचा विषय तिथेच संपला. पण कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस वाढला आणि जोडीला एझेटिमाइब आलं. माझं एलडीएल ११८ होतं. मधुमेह्यानं ते ७० च्या खाली ठेवावं, आणि नळीत आजार दिसलाच असेल तर ५५ च्या खाली, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. लॅबच्या छापील कागदावर शंभरपर्यंत सगळं नॉर्मलच असतं. ते छापील आकडे निरोगी माणसाचे आहेत, तुमचे-माझे नव्हेत.

तर आता कुणी विचारलं की मला शुगर आहे, मी हृदयाचा फोटो काढू का, तर मी आधी विचारते, त्रास आहे का? नवीन धाप, पूर्वी जमणारी चढण न जमणं, वर सांगितलेल्या आडवाटा, यांतलं काही असेल तर हो, आणि लवकर. स्कॉटलंडमधल्या ४१४६ रुग्णांच्या अभ्यासात छातीत दुखणाऱ्यांना सीटी अँजिओ करून उपचार दिले, तेव्हा पाच वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा झटका ३.९ वरून २.३ टक्क्यांवर आला, मुख्यतः फोटो पाहून योग्य माणसाला योग्य औषध सुरू झालं म्हणून. चालता येत असेल तर टीएमटी चालेल, पण नाडी किती वर गेली ते विचारून घ्या. गुडघे साथ देत नसतील तर औषधानं ताण देऊन केलेली थॅलियम किंवा स्ट्रेस इको मागा.

त्रास नसेल तर आधी स्वस्तातली कामं. लघवीतलं अल्ब्युमिन किती जणांनी तपासलंय? मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या की हृदयाच्या नळ्यांचीही शंका घ्यावी, आणि ही तपासणी काही शे रुपयांत होते. एलडीएल, बीपी, तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि तंबाखू. प्रश्नावलीत सिगारेट विचारतात. आमच्याकडच्या बायकांना मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. वहिनींची मिश्री दादाच्या बायपासनंतर सुटली.

कॅल्शियम स्कोअर निरुपयोगी नाही. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्याला स्टॅटिन बहुधा तसंही सांगितलेलं असतं; गोळी टाळणारा माणूस आकडा बघून ती घ्यायला लागतो, आणि डॉक्टरांना डोस किती कडक ठेवायचा ते कळतं. शून्य आला तर चांगलंच, पण मधुमेह्याच्या शून्याची मुदत कमी असते, काही वर्षांनी पुन्हा बघावं लागतं. शिवाय चुना न धरलेली मऊ चरबी त्यात दिसत नाही. दम लागत असताना शून्याच्या भरवशावर तर राहूच नये. आणि स्कोअर दरवर्षी करू नये. स्टॅटिननं गाठी घट्ट होतात, त्यामुळे औषध लागू पडत असतानाही आकडा वाढू शकतो आणि माणूस घाबरून गोळी सोडतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, शेजारच्या सोसायटीत.

सीटी अँजिओ करायचीच झाली तर क्रिएटिनिन आधी तपासा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मेटफॉर्मिन कधी थांबवायचं नि कधी सुरू करायचं ते लिहून घ्या. नाडी साठच्या आसपास आणायला गोळी देतात, तेव्हा दमा असेल तर सांगा. जिभेखाली नळ्या फुलवणारं औषध देतात. पुरुषांनी लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर लाज न धरता बोलावं, कारण दोन्ही एकत्र आली की बीपी धोकादायक घसरतं. उपाशी बोलावलं असेल तर सकाळची ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घ्यायचं की नाही हे आदल्या दिवशीच विचारा, नाहीतर हृदयाच्या तपासणीला जाऊन साखर उतरून पडाल. रिपोर्टसोबत सीडी घ्याच. आणि त्रास नसताना 'उद्याच या' कुणी म्हटलं, तर डाव्या मुख्य नळीत काय आहे, आणि ताण दिल्यावर स्नायूला रक्त कमी पडतं याचा पुरावा कुठे आहे, हे दोन प्रश्न विचारा. झटका चालू असताना मात्र प्रश्न विचारत बसू नका, तेव्हा प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो.

आता आमच्याकडे दादाचा मुलगा मागे लागलाय. चौतीस वर्षांचा आहे, साखर अजून काठावर. "आत्या, मी पण स्कोअर काढून घेतो," म्हणतो. मी त्याला सांगितलं की तुझ्या वयात शून्यच येईल आणि तू निर्धास्त होऊन पुन्हा रात्री अकराला जेवायला लागशील. त्याऐवजी एलडीएल कर, एकदाच लिपोप्रोटीन-ए कर, ते आनुवंशिक असतं आणि बहुधा आयुष्यात एकदा तपासलं की पुरतं. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन. रिपोर्ट आले की फोटो नको पाठवू, घेऊन ये. आपण बसून आकडे वाचू.